तात्यांची मंडळी

तात्यांनी बायकोचं नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. ‘आमची मंडळी’ म्हणायचे. जुन्या वळणाची माणसं बायकोला असंच म्हणत, त्यात नवल काही नव्हतं. पंचाईत झाली ती माझी. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत मंडळी म्हणजे चर्चला येणारी सगळी माणसं, आणि मी तर नगरहून मुंबईला आलो होतो तो अशाच एखाद्या मंडळीचा पाळक व्हायचं शिकायला.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंधेरीच्या बाजूला आमचं ईश्वरविज्ञानाचं कॉलेज होतं आणि ओळखीतून घाटकोपरला तात्यांच्या बाहेरच्या खोलीत एका खाटेपुरती जागा मिळाली होती. तात्या मूळचे मालवणकडचे, गिरणीतून निवृत्त झालेले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “शिकान काय होतलंस?”

“पाळक,” मी छाती काढून म्हणालो. “मंडळीची सेवा करणार.”

तात्या माझ्याकडे बघतच राहिले. “लगीन झाला नाय, आणि मंडळीची सेवा कशी करतलंस?”

मी घाईघाईने अर्थ समजावून सांगितला. दोनशे माणसांची मंडळी असते म्हटल्यावर ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. “दोनशे! अरे पाद्रीबुवा, माझी एकच आसा, तरी माझी दमछाक होता.”

ती एक मंडळी आतल्या खोलीत खाटेवर पडून असे. अर्धांगवायूने काकूंची उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. मूलबाळ नव्हतं. अंघोळ घालायला शेजारची बाई येई, बाकी सगळं तात्या करत. सकाळी काकूंना उशीला टेकवून बसवायचं, खोबरेल लावून वेणी घालायची. भांग रोज वाकडा पडे, आणि रोज ते आरसा धरून विचारत, “बरो पडलो गो?” विचारल्यावर मात्र गप्प बसत. आमटी कसली करू, खिडकी उघडू का, पंखा कमी करू का, असं काहीही विचारलं की हातातलं काम सोडून तिच्या तोंडाकडे बघत राहत. मला ते वेड वाटायचं. जी बोलूच शकत नाही तिच्या उत्तराची कसली वाट बघायची? मी बाहेर ग्रीक क्रियापदं घोकत असे आणि मनातल्या मनात त्यांची कीव करत असे. तेव्हा मी चांगलाच शहाणा होतो.

पाळकपदाच्या दीक्षेसाठी ज्येष्ठ पाळकांच्या समितीपुढे मुलाखत झाली आणि त्या शहाणपणाची वाट लागली. समितीने मला वर्षभर थांबवलं. अभ्यासाबद्दल तक्रार नव्हती. पण कॉलेजातून ज्या आजारी माणसांना भेटायला मला पाठवत, त्यांतल्या मुलुंडच्या एका आजींनी सांगितलं होतं, ‘पोरगा गुणाचा आहे, पण कशा आहात म्हणून विचारतो आणि मी तोंड उघडायच्या आत स्तोत्र वाचायला लागतो.’ मी घरी येऊन पुस्तकं ट्रंकेत भरली. एका कचेरीत कारकुनाची जागा होती, तिथे अर्ज करायचं ठरवलं. तात्यांना सगळं सांगितलं. ते नुसतं “बरा” म्हणाले. मला रागच आला.

दोन दिवसांनी तात्यांना ताप भरला. उठवेना. काकूंना पेज भरवायचं काम माझ्याकडे आलं. मी भराभर चमचे पुढे केले. तिसऱ्या चमच्याला काकूंनी तोंड घट्ट मिटलं. मी विचारलं, “काकू, आणखी देऊ?” आणि लगेच चौथा चमचा ओठांना लावला. पेज हनुवटीवरून पदरावर सांडली.

“विचारलंस मां तिका?” तात्या अंथरुणातून म्हणाले. “मगे थांब.”

मी पदर पुसला, पुन्हा विचारलं आणि थांबलो. बाहेर रॉकेलवाल्याची हाक येऊन गेली, नळावरचं भांडण पेटून विझलं. काहीच होईना. मी वाटी खाली ठेवणार तेवढ्यात काकूंच्या डाव्या हाताची करंगळी हलली. जेमतेम. मी तात्यांकडे पाहिलं.

“व्हया म्हणता,” ते म्हणाले. “पेज गरम आसा, निवव म्हणता.”

करंगळीत एवढं सगळं असतं हे मला कुठल्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. ती वाटी संपायला पाऊण तास लागला. कारकुनीचा अर्ज मी पाठवला नाही. मुलुंडच्या आजींकडे मात्र गेलो, विचारलं आणि गप्प बसलो. त्या दीड तास बोलत होत्या. स्तोत्र राहूनच गेलं.

पुढच्या वर्षी समितीने विचारलं, ‘मंडळीची सेवा कशी कराल?’ मुद्दे पाठ होते. मी ते सोडून पेजेची हकिगत सांगितली. समितीने मला होकार दिला.

दीक्षा दोन महिन्यांवर आली असताना काकू गेल्या.

दीक्षेच्या दिवशी तात्या इस्त्रीचा सदरा घालून शेवटच्या बाकावर बसले होते. उपासना संपली. नवा पाळक म्हणून मी दाराशी उभा राहिलो आणि एकेक जण हात मिळवून बाहेर पडू लागला. तात्यांची पाळी आली. त्यांनी मागच्या गर्दीकडे पाहिलं. “ही सगळी तुझी मंडळी?”

“होय, तात्या.”

“सांभाळ हां. माझी गेली.”

माझ्या तोंडाशी सांत्वनाची चार वचनं आली होती. मी ती गिळली आणि विचारलं, “तात्या, काकूंचं नाव काय होतं?”

आणि थांबलो. मागे रांग खोळंबली, कुणीतरी खाकरलं. तात्या खाली बघून सदऱ्याचं बटण चाचपत राहिले. मी त्यांचा हात सोडला नाही.

“सत्यभामा,” ते अगदी हळू म्हणाले, आणि लाजले. “लग्नात घेतललंय नाव. मगे आज.”