चार बोटांची मदत

माझ्या मुलीला शाळेत असतानाच कॉलेजचं क्रेडिट मिळालं, आणि त्यात माझा वाटा मोठा आहे. (तो नेमका कोणता, हे घरात मला कुणी पूर्ण सांगूच देत नाही!)

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही अमेरिकेत, पार्सिपनीत राहत होतो, मंजू बारावीत होती. एक दिवस म्हणाली, "बाबा, मेमध्ये कॅल्क्युलसची एक्झाम आहे. चांगला स्कोअर आला तर कॉलेजचं मॅथ आत्ताच सुटेल." शाळेत बसून कॉलेज पास! मी लगेच ओळखीच्या सगळ्या मराठी घरांत फोन करून टाकले. म्हणजे आता माघार नाही.

"त्या दिवशी मी रजा टाकतो."

"कशाला? एक्झाम मला आहे!"

"अगं, माझ्या मॅट्रिकला आमचे अण्णा दिवसभर केंद्राबाहेर उभे होते! थर्मास घेऊन!"

"इथे असं कुणी येत नाही, बाबा. प्लीज!"

इथे कुणी काय काय करत नाही, हे ऐकून माझे कान किटले होते. परीक्षेच्या सकाळी तिच्या हातावर दही-साखर ठेवली, शाळेशी सोडलं आणि गाडी गुपचूप पार्किंगमध्ये लावली. हॉलच्या खिडकीखाली हिरवळीवर सतरंजी अंथरली. शैलाने, म्हणजे माझ्या बायकोने, केळी आणि बटाटेवडे काढले. मधल्या सुट्टीत पोर उपाशी नको!

मी खिडकीतून डोकावलो. मंजू डोकं धरून बसलेली!

"अहो, रडतेय का?"

"गप्प बस गं!"

तेवढ्यात तिने वर पाहिलं. मी दिसताच चेहरा पांढराफटक! मला वाटलं, पेपर अवघड गेला. मी खुणेनं सांगितलं, घाबरू नकोस, अजून चाळीस मिनिटं आहेत. चार बोटं. तिला कळेना, म्हणून पुन्हा चार बोटं.

आता प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय असतात आणि त्यांतला एक निवडायचा असतो, हे मला कुणी सांगितलं होतं का?

मधल्या सुट्टीत परीक्षेवरच्या बाई मंजूलाच घेऊन बाहेर आल्या. मागून गणिताचे सर.

"तुम्ही मुलीला उत्तरं सांगत होतात?"

"उत्तरं? मी? मॅडम, मी इंजिनियर आहे!"

हे ऐकून तर बाईंची खात्रीच पटली. पेपर रद्द करायचा का, अशी कुजबुज सुरू झाली. मंजूच्या डोळ्यांत पाणी. पोरीने वर्षभर घासलेलं सगळं माझ्या चार बोटांपायी बुडणार!

मंजूने डोळे पुसले. "यांना उत्तरं येतच नाहीत. विचारून बघा ना!"

सरांनी एका कागदावर गणित लिहून दिलं. सोपं होतं. (म्हणजे एके काळी!) पण इतकी वर्षं ऑफिसात मी नुसत्या मीटिंगाच केल्या होत्या. मी पेन्सिल चावली, लिहिलं, खोडलं, एक केळं खाल्लं, पुन्हा लिहिलं.

"हे मुद्दाम चुकताहेत," बाई म्हणाल्या.

"नाही हो मॅडम," शैला वडा पुढे करत म्हणाली, "घरीही असंच असतं."

सरांनी माझा कागद नीट पाहिला, बाईंना दाखवला आणि मंजूला म्हणाले, "जा, आत बस. यांचं ऐकलं असतंस तर नापासच झाली असतीस."

जुलैत निकाल आला. सगळ्यांत वरचा स्कोअर! पुन्हा घरोघरी फोन गेले, पण या वेळी शैलाने केले. प्रत्येकीला तेच सांगत होती, "पोरगी माझ्यावर गेलीय हो. ह्यांच्यावर नाही, हे शाळेने तपासून घेतलंय!"