बाईचा फोटो आणि मे महिन्याचं पाणी

घरी फिल्म कशी धुवावी हे मोबाइलवर शिकवणाऱ्या त्या सगळ्या पोरांना माझं एकच सांगणं आहे. एकदा मे महिन्यात नागपुरात या, नंदनवनात माझ्या घरी उतरा आणि नळ सोडून दाखवा. ‘पाणी वीस अंशांचं घ्यायचं,’ असं ती इतकं सहज सांगतात की जणू चिमूटभर मीठच घ्यायचं आहे. आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी असं तापतं की त्यात चहापत्ती तेवढी टाकायची राहते. पहाटेसुद्धा ते गारगार म्हणावं असं नसतं. वीस अंश म्हणे! माझा थर्मामीटर मे महिन्यात वीसचा आकडा फक्त एसीच्या दुकानात असताना पाहून आला असेल.

तर हा उद्योग मी साठी उलटल्यावर सुरू केला. कोणी शिकवलं नाही, कोणी शिकवायला बसलंही नव्हतं. आमच्या ह्यांचा जुना कॅमेरा कपाटात गरम कपड्यांखाली पडून होता. लेकीने पुण्याहून एक रोल पाठवला, मी त्यावर फोटो काढले आणि धुवायला म्हणून बाजारात गेले, तर ज्याच्या-त्याच्या दुकानात एकच उत्तर. ‘काकू, आता हे कोण करतं?’ मग म्हटलं, मीच करते. तसं काम अवघड नाही. किर्र अंधारात फिल्म एका चक्रीवर गुंडाळायची, चक्री एका काळ्या डब्यात ठेवून झाकण लावायचं, पुढचं सगळं उजेडात. डब्यात एक औषध ओतायचं, हलवायचं, काढायचं, दुसरं ओतायचं, मग पाणी. आयुष्यभर डाळ-तांदूळ धुतलेल्या बाईला यात नवं काय?

नवं होतं ते घरातली माणसं. आमचं न्हाणीघर एकच, त्यामुळे सगळ्यांच्या अंघोळी उरकल्याशिवाय मला आत जाता येत नाही. झरोक्याला काळं कापड, दाराखालच्या फटीत पोतं, आणि आत मी. मे महिन्यात त्या खोलीत वेगळी अंघोळ करावी लागत नाही. पहिल्या रोलच्या वेळी मी अशी घामाने निथळत चक्रीवर फिल्म चढवत होते, तेवढ्यात ह्यांनी बाहेरून बटन दाबलं. हो, न्हाणीघराचं बटन बाहेर. सगळ्यांच्याच घरी बाहेर असतं.

‘अवं, अंधारात काहून बसली?’ वर हे. मायेने.

तो रोल गेला. तेव्हापासून मी आत जाण्याआधी बल्ब काढून घेते. तरी हे दार वाजवतातच. दूधवाला आला, पातेलं कुठे आहे. चष्मा कुठे आहे. एकदा तर म्हणाले, ‘काही नाही, झालं का इचारून राहिलो.’

असो. हे सगळं मी सहन केलं असतं. खरं दुःख आहे ते बाईच्या रोलचं.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण. नरखेडकडे असते, संत्र्याच्या बगिच्यात. मागच्या उन्हाळ्यात तिच्या पोटात गाठ निघाली. इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करून काढावी लागेल, मग तपासायला पाठवू. बाई सुती लुगड्यांचं एक गाठोडं घेऊन माझ्याकडे येऊन राहिली. गाठीबद्दल ती एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, ‘माझा एक चांगला फोटो काढून ठेव वं. ऑपरेशनच्या आधी.’

मी म्हटलं, ‘काहीतरीच काय बोलते?’

‘काहीतरी नाही. मले मायसारखं नाही लटकाचं.’

हे मला लगेच समजलं. आमच्या आईचा एकही वेगळा फोटो नव्हता. ती गेल्यावर कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्याच्या फोटोतून तिला कापून मोठं केलं. तो फोटो अजून माहेरच्या भिंतीवर आहे. आईच्या खांद्यावर बांगड्या भरलेला एक हात आहे, आणि त्या हाताची मालकीण कोण हे आजवर कोणाला सांगता आलेलं नाही. दरवर्षी हार घालताना बाई त्या हाताकडे रागाने बघते.

बाईचा एक फोटो मोबाइलवर काढून झाला होता. तिच्या नातवाने काढला होता. मला दाखवला तिने. त्या मोबाइलने बाईला गोरंपान करून टाकलं होतं, सुरकुत्या इस्त्री केल्यासारख्या सपाट, आणि हनुवटीवरचं गोंदण साफ गायब. तीन ठिपके, लहानपणी माझ्यासमोर गोंदलेले. ती रडली होती आणि मी पळून गेले होते. मोबाइलला ते मुरूम वाटले असावेत.

‘ही कोण होय?’ बाई म्हणाली. ‘मी इतकी गोरी असती तर सासूनं मले दारातच ओवाळलं असतं. तू तुझ्या त्या जुन्या डब्ब्यानं काढ. त्याले अक्कल नाही, तो दिसन तसं काढन.’

माझ्या कॅमेऱ्याची इतकी योग्य स्तुती अजून कोणी केलेली नाही.

काढायला बसवलं आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. खिडकीशी उजेड चांगला, तर तिथे तिला ऊन लागतं. खुर्चीत बसली की पाय वर घेते. ‘इकडे पाहा’ म्हटलं की श्वास धरते, आणि श्वास धरला की चेहरा असा होतो की कोणीतरी तिचं काही चोरलं आहे. मी म्हटलं, ‘जरा हस ना.’ तर म्हणाली, ‘मेल्यावर हसून राहिली म्हणतील लोकं.’ पदर डोक्यावरून घ्यायचा की खांद्यावरून, यावर एक पूर्ण सकाळ गेली. मध्येच आमचे हे येऊन सुचवून गेले, ‘बाई, चष्मा काढा, चमकते.’ बाईने चष्मा काढला आणि मग तिला मी कुठे बसले आहे हेच दिसेना. तरी दोन-तीन दिवसांत रोल भरला. मला आतून ठाऊक होतं की त्यात चार-पाच तरी साधले आहेत. खिडकीचा उजेड एका गालावर, हनुवटीवरचे ठिपके स्पष्ट, आणि नजर सरळ. अगदी बाई.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी तिच्या रक्ताच्या आणि छातीच्या तपासण्या होत्या. हे तिला घेऊन सकाळीच गेले. मी म्हटलं, बरं झालं, घर रिकामं आहे. धुतलेल्या फिल्मवरून छापून तेवढं द्यायला एक दुकानदार तयार होता, आणि संध्याकाळी बाईच्या हातात फोटो पडला पाहिजे. न बघता ती भरती होणार नव्हती, तसं तिने बजावलंच होतं. चक्रीवर फिल्म नीट चढली, एकाही माणसाने दार वाजवलं नाही. बाहेर आले, औषधाच्या बाटल्या परातीत उभ्या केल्या, आणि बर्फासाठी फ्रीज उघडला. आदल्या दिवसापासून मी बर्फाचे ट्रे भरून ठेवले होते. ट्रे होते. बर्फ नव्हता.

फोन लावला. ‘बर्फ कुठे आहे?’

‘थर्मासमध्ये,’ हे म्हणाले. ‘पन्हं आणलं ना बाईसाठी. त्याहिले उपाशी राहाचं होतं तपासणीपर्यंत, तर नंतर थंड-थंड...’

‘सगळा बर्फ?’

‘दवाखान्यात गरमी किती आहे माहीत आहे का तुले?’

अशा माणसाला काय बोलायचं? चांगुलपणाने घेतला होता ना त्याने बर्फ. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

मग माठ. माठातलं पाणी पिण्यासाठी गार असतं, फिल्मसाठी नव्हे. परातीत माठ रिकामा केला, बाटल्यांना ओलं फडकं गुंडाळलं, कूलरसमोर मांडून ठेवलं, तरी काटा तीसच्या खाली यायला तयार नाही. शहाण्या माणसाने तो दिवस सोडून दिला असता. पण उद्या भरती होती. मोबाइलवर एक कोष्टक मिळतं, पाणी कोमट असेल तर औषध किती कमी वेळ ठेवायचं त्याचं. त्याप्रमाणे केलं. त्यात एक धोका लिहिलेला असतो: कोमट पाण्यात फिल्मवरचा थर मऊ होतो, सुकेपर्यंत त्याला बोट लावू नका. दुधावरच्या सायीसारखा असतो तो. मी कशाला बोट लावते? डब्बा उघडला, फिल्म उजेडात धरली आणि मला अगदी रडू यायचं बाकी होतं. सगळे आले होते. इवल्या-इवल्या चौकटीत बाई, उलट्या रंगाची, पांढरे केस काळे झालेली, पण बाईच. खिडकीतले पाचही.

न्हाणीघरात धूळ नसते म्हणून फिल्म तिथल्या दोरीला चिमट्याने टांगली. दार ओढलं आणि दारासमोर खुर्ची आडवी ठेवली. आमच्या घरात आडवी खुर्ची म्हणजे काय, हे ह्यांनाही आता कळतं. आणि मी मागच्या अंगणात कूलरमध्ये पाणी भरायला गेले. नळी, टाकी, खडखडाट. समोरचं दार वाजलेलं ऐकूच आलं नाही.

आता आमच्याकडची रीत अशी, की दवाखान्यातून आलेलं माणूस घरात कशालाही हात लावत नाही, पहिले सरळ अंघोळ. बाई तर या बाबतीत फार कडक. उंबऱ्यावर चपला, आणि तडक न्हाणीघर. खुर्ची तिने उचलून बाजूला ठेवली. वाटेत आली म्हणून.

मी आत आले तेव्हा हे सोफ्यावर उरलेलं पन्हं पीत बसले होते आणि न्हाणीघरातून पाण्याचा आवाज थांबत होता. माझ्या हातातली बादली तिथेच राहिली.

‘बाई! आतलं काही धरू नको!’

दार उघडलं. बाई नवं लुगडं नेसून, ओल्या केसांनी, प्रसन्न. ‘काही नाही धरलं. तुझी ती पट्टी थेंब-थेंब गळून राहिली होती. पाण्याचे डाग पडतात मागून. पुसून दिली चांगली. वरून खालपर्यंत, दोन्ही बाजूनं.’

पदराने. कोऱ्या, खळ न गेलेल्या सुती पदराने.

मी फिल्म खिडकीशी नेली. साय जशी बोटाने सरकते तसा थर सरकला होता. प्रत्येक चौकटीत बाईच्या चेहऱ्यावरून उभे ओरखडे, त्यात पदराचे दोरे अडकलेले. पाचातल्या एकाची हनुवटी पूर्ण निघून आली होती. आणि सगळ्यात चिडवणारी गोष्ट अशी, की तिचं म्हणणं चूक नव्हतं! पाण्याचे डाग पडतात. ती मोबाइलवरची पोरंसुद्धा हेच सांगतात, शेवटच्या पाण्यात साबणाचा थेंब टाका, नाहीतर डाग पडतील. माझ्या बहिणीने आयुष्यभर स्टीलचे पेले असे पुसून ठेवले आहेत की त्यात तोंड पाहून कुंकू लावावं.

‘काय झालं?’ तिने विचारलं.

‘तू स्वतःचं तोंड पुसून टाकलं, बाई.’

हे म्हणाले, ‘कॉम्प्युटरवर दुरुस्त होत असन ना?’ मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पन्ह्याचा पेला घेऊन बाहेर गेले.

मी खूप बोलले. आता लिहितानाही मला वाटत नाही की मी जास्त बोलले. खुर्ची दिसली नाही का, विचारता येत नव्हतं का, उद्या सकाळी जायचं आहे आणि आता माझ्याकडे ना रोल ना बर्फ, कुरिअर यायला आठवडा जातो. बाई पलंगावर बसून केस पुसत ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, ‘झालं का बोलून?’

‘झालं.’

‘मग आता फोटो नाही?’

‘नाही.’

‘एकबी नाही?’

‘एकही नाही. सगळ्यांवर रेघा.’

तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. तो फोटो तिला कशासाठी हवा होता हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मग तिने केसांचा अंबाडा घट्ट बांधला. ‘तर मले परत यावंच लागते,’ ती म्हणाली. ‘त्या मोबाइलवाल्या गोऱ्या बाईले लटकवसान तुम्ही नाहीतर. भरोसा नाही तुमचा.’

दुसऱ्या दिवशी भरती झाली. ऑपरेशन झालं. गाठ तपासून आली, साधी निघाली. ते आठवडे कसे गेले ते सांगत बसत नाही. दवाखान्याच्या बाकावर बसून मी ह्यांच्याशी एकदाही भांडले नाही, एवढ्यावरून समजा.

घरी आल्यावर लेकीने पाठवलेला नवा रोल मी कॅमेऱ्यात चढवला. बर्फ दोन डब्यांत, त्याला कोणी हात लावायचा नाही अशी माझी आण. पाऊस लागून पाणीही निवलं होतं. आणि बाई? बाई बसायलाच तयार नाही! आज अशक्तपणा आहे, उद्या पाहू. उद्या केस विंचरले नाहीत. परवा उजेड डोळ्यात जातो. मी कॅमेरा उचलला की ती पदर तोंडावर. शेवटी नरखेडला जायची एसटी पकडायला निघाली तेव्हा मी रागाने विचारलंच, ‘आधी तूच मागे लागली होती ना?’

‘तेव्हा जाची तयारी होती,’ ती म्हणाली. ‘आता काहून काढू? फोटो तयार झाला का माणूस मोकळा. मले बगिच्यात लई काम आहे.’

दिवाळीनंतर मी मुद्दाम तिच्याकडे गेले, कॅमेरा पिशवीत लपवून. ती संत्र्याच्या झाडाखाली गळलेली फळं वेचत होती, माझ्याकडे पाठ करून. उजेड इतका चांगला होता की माझे हात शिवशिवले. हळूच कॅमेरा काढला, पण त्या जुन्या डब्ब्याचा आवाज केवढा! खटक झालं. बाईने वळूनही पाहिलं नाही.

‘पाठीचा काढ,’ ती म्हणाली. ‘किती पाहिजे तितके काढ. पाठ काही कोणी भिंतीले टांगत नाही.’