आवळत गेलेली कातडी

कापसानं सलग दगा दिला त्या वर्षांत फुलसावंगीजवळच्या तांड्यावरचा सेवादास राठोड यवतमाळला एका वर्कशॉपमध्ये लागला. जिनिंगच्या यंत्रांचे भाग तिथं दुरुस्तीला येत. त्यांवरचं ग्रीस काढणं हे त्याचं काम. टाकीत गोडसर वासाचं रसायन असे. भाग बुडवायचा आणि उघड्या हातानं घासायचा. संध्याकाळी डोकं गरगरायचं. सगळ्यांचंच गरगरायचं, म्हणून त्याचं कोणाला काही वाटत नसे.

काही वर्षांनी हिवाळ्यात त्याची बोटं पांढरीफटक पडू लागली. मग कातडी ताणल्यासारखी चकाकू लागली, मूठ वळेना. तोंड इतकं आवळलं की त्याची बायको नंदाबाई भाकर दुधात कुस्करून भरवू लागली. होळीला लेंगी, म्हणजे बंजाऱ्यांची होळीची गाणी, म्हणणारा हा माणूस. त्याचा आवाज ऐकून सारा तांडा गोळा व्हायचा. त्या साली दोन ओळींतच त्याला धाप लागली. तो खाली बसला, आणि दुसऱ्यानं गाणं उचललं.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, "शरीराची राखण करणारी शक्तीच शरीरावर उलटली आहे. आता फुप्फुसंही आवळतायत."

"कायनं झालं, बाई?"

"त्या रसायनानं सुरुवात झाली असू शकते. पण खात्रीनं नाही सांगता येत. त्याच टाकीवर दुसऱ्याला काहीच होत नाही."

"बरा होईन ना मी?"

"आजाराची चाल थोडी मंदावता येईल," बाई हळूच म्हणाल्या.

वर्कशॉपच्या मालकानं 'खात्रीनं नाही' तेवढंच धरलं. "डॉक्टरलेच पक्कं माहीत नाही, मंग माह्यावर काहून?"

सेवादासच्या जागी माणूस हवाच होता. नंदाबाईचा भाऊ राजकुमार जायला निघाला.

"नको जाऊ," सेवादास म्हणाला. "माह्या हाताकडं पाह्य."

"पाह्यलं, भाऊजी. पण डॉक्टरीण 'असू शकते' म्हणते. वावरात तं काहीच नाही, हे पक्कं हाय."

"हातमोजे तरी माग."

"मागतले. मालक म्हणते, जमत नसन तं दुसरा ठेवतो."

सेवादासनं नंदाबाईकडं पाहिलं. भावाला अडवावं असं तिलाही वाटत होतं. पण दोन्ही घरांत खाणारी तोंडं होती. ती भाकर बांधू लागली.

पुढच्या पावसाळ्यात सेवादास गेला. शेवटी त्याला आडवं होताच येत नव्हतं. बसल्या बसल्याच श्वास थांबला. राजकुमार मातीला आला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेला.