गोल नाकाच्या गोळ्या

नवरा गेल्याला दोन वर्षं झाली होती आणि युनिव्हर्सिटीच्या लॅबमधून मी नुकतीच रिटायर झाले होते. अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावातल्या त्या घरात माझे दिवस न बोलताच जायचे. एकदा बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक यू म्हटलं, तर आवाज घोगरा निघाला. तेव्हा लक्षात आलं, तीन दिवसांत तोंडातून निघालेला हा पहिला शब्द.

त्याच ऑक्टोबरमध्ये शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी दुपारी बेल वाजवली. तेरा वर्षांत आमचं बोलणं हवा आणि बर्फ यांच्यापलीकडे गेलं नव्हतं. त्यांची बायको चार वर्षांपूर्वी वारली, तेव्हा मी एक केक नेऊन दिला होता, इतकंच.

"तुम्ही लॅबमध्ये वजनं करायचात ना?" त्यांनी विचारलं.

"तीस वर्षं केली."

"मला काट्यावरचे आकडे दिसेनासे झालेत. आधी माझी बायको वाचून द्यायची, मग भिंगावर भागवलं. शिकारीचा सीझन जवळ आलाय."

ते दर नोव्हेंबरला उत्तरेतल्या जंगलात हरणाच्या शिकारीला जायचे, आणि काडतुसं विकत न घेता स्वतः भरायचे. मी अंडंसुद्धा न येणाऱ्या घरात वाढलेली. खरं तर नाही म्हणायला हवं होतं. पण मी चपला बदलल्या आणि त्यांच्यामागून गेले.

बेसमेंटमध्ये लाकडी टेबलावर हाताने दाबायचं एक यंत्र, मागच्या वर्षीची वापरलेली, घासून लख्ख केलेली पितळी कवचं आणि एक छोटा काटा होता. शेजारी गोळ्यांचा नवा डबा. त्यातली एक मी उचलून पाहिली. पेन्सिलीसारखं टोक होतं तिला.

"त्या नाही वापरायच्या," ते म्हणाले. "मुलाने टेक्ससहून पाठवल्यात. त्याचं म्हणणं, टोकदार गोळी दूर जाते."

"मग?"

त्यांनी भिंतीवरची जुनी रायफल खाली घेतली, रिकामी असल्याची खात्री केली आणि नळीखालची दुसरी बारीक नळी दाखवली. "काडतुसं हिच्यात एकामागे एक बसतात. मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकतं, आणि नेमका तिथेच प्रायमर असतो, आतली दारू पेटवणारी टिकली. टोक अणकुचीदार असलं आणि धक्का बसला, तर नळीतच स्फोट व्हायचा. म्हणून गोल नाकाचीच लागते. आणि दूर मारायचंय कुणाला? आमच्या झाडीत साठ पावलांपलीकडे दिसत नाही. तेवढ्यात ही जड, बोथट गोळी जनावराला लांबवर तडफडत पळू देत नाही."

"गोल गोळी काटक्यांतून सरळ जाते, असं कुठे तरी वाचलंय मी," मी उगाच म्हणाले. खरं तर ते रायफल परत टांगत होते, तेवढ्यात फोनवर बघून घेतलं होतं.

"लोक म्हणतात तसं. काटकी लागली की कुठलीही गोळी वळते. मध्ये काटकी असेल तर थांबायचं."

पण त्यांच्याजवळच्या गोल गोळ्या संपल्या होत्या आणि मोठ्या दुकानांत मिळेनात. मी गाडी काढली, ते शेजारी बसले. दोन दुकानांनी नाही म्हटलं. तिसरं गावाबाहेरचं, एका वयस्कर बाईंचं. त्यांनी मागच्या फळीवरून धूळ बसलेला एक डबा काढून दिला. परतताना हे गृहस्थ तो डबा मांडीवर घेऊन बसले होते.

मॉरिसव्हिलला राहणाऱ्या मुलीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, तू बंदुकीच्या गोळ्या भरतेयस? आर यू ओके?"

"बरी आहे," मी म्हटलं. तिने विषय बदलला.

वीस काडतुसं एका दुपारी झाली असती. आम्ही चार दुपारी लावल्या. काडतुसं भरण्याच्या पुस्तकातला दारूचा आकडा मी मोठ्याने वाचायचे, दारू तोलून द्यायचे. ते कवचात ओतायचे, वर गोळी ठेवून यंत्राचा दांडा ओढायचे. बोलणं फारसं नसायचं. तिसऱ्या दिवशी एक माप बरोबर असूनही मी ते पुन्हा तोललं. त्यांनी ते पाहिलं. मग त्यांनीही एक काडतूस उगाच दोनदा पुसलं.

सीझनला ते निघाले. पाच दिवस त्यांच्या खिडक्यांत उजेड नव्हता. मी रोज बघायचे.

परतले ते रिकाम्या हाताने. मी चहा केला होता, तो घेत त्यांनी सांगितलं, "नर होता. मोठा. चाळीस पावलांवर अंग आडवं करून उभा. मी नेम धरला, आणि मला त्याच्या मागचं काही दिसेना. झाड होतं की माणूस, सांगता येईना. मी रायफल खाली केली. तो बराच वेळ उभा होता."

"पुढच्या वर्षी डोळ्यांचं काही तरी..."

"नाही. ही शेवटची खेप."

त्यांचा आवाज साधा होता. मी बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

वसंतात मुलगा आला आणि त्यांना टेक्ससमधल्या फ्रिस्कोला घेऊन गेला. सामान बांधायला मी आठवडाभर जात होते. थांबा, असं म्हणावंसं अनेकदा वाटलं. त्याऐवजी मी खोक्यांवर मार्करने नावं लिहीत राहिले: किचन, पुस्तकं, टॉवेल. निघताना त्यांनी हात पुढे केला. इतकी वर्षं शेजारी राहून आमचं ते पहिलं हस्तांदोलन. हात माझ्या कल्पनेपेक्षा मऊ होता. "थँक यू," ते म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले.

त्या घरात आता चार विद्यार्थी भाड्याने राहतात. सायकली अंगणात टाकतात, मी दिसले की मान हलवतात. मीही हलवते.