चार बोटांचा पाळणा

काकूंच्या अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली असायची. लिहायची नव्हे, सुतारकामाची. चपटी, लाल. गणपतीच्या कार्यक्रमाला त्या पैठणी नेसून, नथ घालून आल्या तरी पेन्सिल आपल्या जागी. कोणाकडे जेवायला गेल्या, की बसण्याआधी डायनिंग टेबलाची खुर्ची उलटी करून तिचे सांधे तपासायच्या. यजमानीणबाई पार ओशाळून जायच्या. काकूंचं आडनाव चांगलं भारदस्त होतं, पण अमेरिकेत ॲन आर्बरमधली सगळी मराठी मंडळी त्यांना सुतारकाकूच म्हणत, आणि त्यांना ते मनापासून आवडायचं.

माझी त्यांची ओळख बसस्टॉपवर झाली. युनिव्हर्सिटीतलं माझं पहिलं वर्ष, हाडं गोठवणारी थंडी, आणि माझ्या हातात कोणीतरी रस्त्याकडेला टाकून दिलेली तीन पायांची खुर्ची. चौथा पाय मी बॅकपॅकमध्ये खोचला होता. सांगलीला आईला फोनवर "फुकट खुर्ची मिळाली" म्हणून मोठमोठ्याने सांगत होते, तेवढ्यात एक गाडी थांबली आणि काच खाली झाली. "आईला म्हणावं नंतर बोलते. आणि खुर्ची अशी धरतात का गं? काय करून राहिली तू? बस आत." अनोळखी माणसाच्या गाडीत बसू नये हे मला माहीत होतं. पण तो नागपुरी आवाज अनोळखी वाटेचना. त्या दिवशी खुर्चीला पाय बसला आणि मला दर शनिवारची सकाळ मिळाली.

त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच नसायची. तिथे करवती, रंधे, पटाश्या आणि चेरीच्या लाकडाचा गोडसर वास. काका नोकरीच्या व्हिसावर आलेले आणि काकूंना कितीतरी वर्षं कामाची परवानगी नव्हती. घरात बसून भिंती बघायचा वीट आला, म्हणून त्या सुतारकामाच्या वर्गाला जायला लागल्या. तिथे शेजारच्या बाकावर लूपे नावाची मेक्सिकन बाई होती. सत्तरीची, बापाकडून काम शिकलेली. वर्ग शनिवारी सकाळी असायचा, आणि लूपे सगळ्यांसाठी घरून नाश्ता घेऊन यायची. काकू लाकूडही तिच्याकडून शिकल्या आणि नाश्ताही.

तो नाश्ता म्हणजे एक सोहळाच असायचा. आदल्या दिवशीच्या मक्याच्या टॉर्टियांचे काकू सुताराचा काटकोनी गुण्या लावल्यासारखे नेमके त्रिकोण कापायच्या, कुरकुरीत तळायच्या, हिरव्या आंबट साल्सात परतायच्या आणि वर चीज, कांदा, आणि मागाल तसं अंडं. बाजूला शिजून लोण्यासारखे झालेले बीन्स. टॉर्टिया दाबायचं यंत्रसुद्धा त्यांनी स्वतःच मेपलच्या लाकडाचं केलं होतं. या पदार्थाला चिलाकिलेस म्हणतात. पहिल्याच दिवशी मी लाडात येऊन म्हटलं, "काकू, ही तर आपली फोडणीची पोळी!" त्यांनी माझ्या समोरची बशी उचलली. "चिलाकिलेस म्हण, मग खा. लूपेने मला तिच्या घरात घेतलं, तिथे मी माझं फर्निचर कशाला लावू?" एकदा काका लसणीची चटणी गुपचूप भुरभुरताना पकडले गेले, तर पुढचे दोन शनिवार त्यांना टेबलावर मज्जाव होता. ते बिचारे ओट्याशी उभं राहून खात. काकांना करवतीची भीती वाटायची. त्यामुळे गॅरेजमध्ये त्यांच्याकडे एकच खातं होतं, भुसा ओढणाऱ्या व्हॅक्युमचा पाइप धरायचं.

मोजमापाच्या बाबतीत काकू महाकडक. "'अंदाजे' आणि 'साधारण' दाराबाहेर ठेवायचे, बुटांपाशी," असं त्या येणाऱ्या प्रत्येकाला बजावायच्या. केसाइतका फरक पडला तरी माझी फळी परत यायची. आणि अशा बाईने आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली ती मोजमापातच.

माझ्या शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी त्यांच्या लेकीला, ऋताला, बाळ होणार होतं. ती गाडीने चार-पाच तासांवर शॉमबर्गला राहायची. काकूंनी पाळणा करायला घेतला. चेरीचं लाकूड, बाळ चावेल म्हणून नुसतं तेल, व्हार्निश नाही. ऋता फोनवर म्हणायची, "आई, प्लीज, वुई जस्ट वाँट अ नॉर्मल क्रिब." काकू आणखी जोराने रंधा मारायच्या. पाळण्याचे उभे गज बसवताना मात्र त्यांनी टेप खिशात ठेवला आणि दोन गजांमध्ये चक्क हाताची चार बोटं धरली. मी बघतच राहिले. म्हणाल्या, "माझ्या आईच्या पाळण्याला चार बोटंच होती. पाळणा असाच करतात."

सातव्या महिन्यात ऋता आली. पाळणा बघून तिचे डोळे चमकले, हे मी पाहिलं. मग ती आत गेली, फ्रिजमधून सोड्याचा कॅन घेऊन आली आणि तिने तो दोन गजांच्या मधून ढकलला. कॅन आरामात पलीकडे गेला. "दॅट्स द टेस्ट, आई. इफ द कॅन गोज थ्रू, इट्स नॉट सेफ. द बेबी कॅन स्लिप थ्रू." तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. पुढच्या आठवड्यात तिने दुकानातून क्रिब मागवला.

त्या शनिवारी आम्हाला कॉर्नफ्लेक्स मिळाले. काकांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, बोलू नकोस अशा अर्थाने. काकूंनी अर्धा वाडगा संपवला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे पोरीचं. मी चुकले." काका म्हणाले, "मधे एकेक गज वाढवला तर?" "मग चूक दिसत राहील ना, अहो." झालं. दोन्ही बाजू नव्याने करायला घेतल्या. पाच आठवडे मी प्रबंध सोडून गज घासत होते, आणि माझ्या गाइडला माझ्या केसांतला भुसा दिसत होता. लेकीला मात्र काकूंनी कळू दिलं नाही. ती हा पाळणा वापरेल की नाही, हे विचारायचा धीर त्यांना होत नव्हता.

बारशाला मी गेले ती निरोप घ्यायलाच, कारण आठवड्याने मला दूर दक्षिणेत अल्फारेटाला नोकरीवर रुजू व्हायचं होतं. आम्ही व्हॅनमधून पाळणा आदल्या दिवशी शॉमबर्गला नेला. ऋताने कॅन आणला आणि एकेका फटीशी लावून पाहिला. सगळ्या बावीस फटी. काकू तोंडी परीक्षेला उभ्या असल्यासारख्या ताठ. कॅन कुठूनच जाईना. ऋता "ओके" म्हणाली आणि बाळाला दूध पाजायला निघून गेली. ओके म्हणजे नेमकं काय, हे आम्हा तिघांनाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे जमले. काकूंनी पहाटेपासून बीन्स रटरटत ठेवले होते, टॉर्टियांचे त्रिकोण तळून ठेवले होते. पाळण्याला फुलं बांधली. ऋताच्या सासरच्या एक मावशी गजांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "हौस म्हणून छान आहे हो. पण घरी केलेला, सेफ असेल का? रोजच्यासाठी दुकानातला आहे ना तुमच्याकडे?"

काकू खाली बघायला लागल्या. ऋताने बाळाला पाळण्यात ठेवलं, दुपटं सारखं केलं आणि माझ्यादेखत पहिल्यांदाच सबंध वाक्य मराठीत बोलली.

"तो कालच परत केला, मावशी. हा माझ्या आईने केलाय."

काकू ताडकन उठल्या आणि भरल्या डोळ्यांनी साऱ्या खोलीला विचारायला लागल्या, "अंडी कोणाला कशी हवीत? सांगा पटापट!"

"अगं," काका म्हणाले, "अजून बाळाचं नाव ठेवायचंय."