आईच्या मशीनला लावलेली बॅटरी

माझा दादा रेडिओ स्टेशनात तंत्रज्ञ आणि मी तिथलीच निवेदिका. स्टेशन चालू ठेवायचं काम त्याचं, बडबड करायचं माझं. बोलण्याच्या नावाने दादाची बोंबच. खिशात एक वेळ रुमाल नसेल, पण वीज मोजायचा मीटर असणारच, म्हणून स्टेशनात सगळे त्याला मीटरबुवा म्हणतात.

गेल्या वर्षी वादळात स्टेशनची वीज गेली आणि बॅटऱ्यांनी दहा मिनिटांत मान टाकली. नव्या घ्यायचं आत्ता कुठे ठरलं. साहेबांना सगळ्यात स्वस्त हवी होती. दादाचा हिशोब वेगळा: ती दीड वर्षात बसणार, मधल्या किमतीची पाच वर्षं चालणार, मग स्वस्त कोणती? मीटरवर सगळ्याच भरलेल्या दिसतात, खरं काय ते भार पडल्यावर कळतं. त्याने दुकानातून तीन नमुने आणले आणि दोन आठवडे घोळ घालत बसला. साहेब डाफरायचे मात्र माझ्यावर.

म्हणून परवा सुट्टीच्या दुपारी मी त्याला फैलावर घ्यायला माहेरी गेले. आईच्या खोलीत पाऊल टाकलं आणि पायाखालची जमीनच सरकली. आईच्या नाकाला नेहमीची नळी, नळीला ऑक्सिजनचं मशीन, पण मशीनची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये नव्हती. ती इन्व्हर्टरमधून त्या स्वस्त बॅटरीला जोडली होती. शेजारी स्टुलावर दादा, हातात घड्याळ. स्टेशनात तपासायला परवानगी मिळेना, आणि आपला ट्रान्समीटर खातो साधारण तेवढीच वीज हे मशीन खातं, असं त्याने मला शांतपणे समजावलं, जणू मिक्सरबद्दल सांगतोय.

तेवढ्यात मशीन टीं टीं करायला लागलं. आईने तोंडाने श्वास ओढला. दादाने झटक्यात वायर भिंतीत खोचली, कागदावर 'बावीस मिनिटं' लिहिलं आणि उशाशी ठेवलेला भरलेला सिलिंडर मला बोटाने दाखवला.

सिलिंडर गेला खड्ड्यात! मी त्याला जो धुतला, तो शेजाऱ्यांनीही ऐकला असेल. जन्मदात्या आईवर बॅटऱ्या तपासतोस, लाज कशी नाही वाटली, काय काय बोलले मी. तो मान खाली घालून बॅटरीच्या वायरी सोडवत राहिला.

"त्याला नको बोलूस," आई म्हणाली. "तो नाहीच म्हणत होता. मीच हट्टाला पेटले."

मला खरंच वाटेना. का गं, एवढंच कसंबसं विचारलं.

तिने दम घेतला. "त्या वादळात तू रेडिओवर बोलता बोलता अर्ध्या वाक्यात गप्प झालीस. फोन लागेना. तीन तास मी, तुम्ही दोघंही गेलात, असंच धरून बसले होते. पुन्हा रेडिओ तसा बंद पडायला नको, म्हणून त्याला म्हटलं, माझ्याच मशीनवर तपास."

मी तिच्या पायाशी बसले. ते तीन तास दादा बॅटऱ्यांशी झटत होता, आणि मी स्टुडिओत मेणबत्ती लावून पत्ते कुटत होते.