विचारल्याशिवाय नाही

डॉक्टरीणबाईंनी माझ्या हाती पुरुष रुग्णांच्या केसपेपरांच्या नकलांचा गठ्ठा दिला आणि नागपूरला पाठवण्याआधी नावांवर काळी शाई फिरवायला सांगितली. दुपारपर्यंत सगळी नावं गायब करून मी ऐटीत पुढे उभा राहिलो. त्यांनी त्यातला एक कागद उपसला. "वाचा. कोण हा, ओळखता का?" पुरुष, पन्नाशीचा, गाव करडी, दवाखान्यात कंपाउंडर, मूळव्याध. गावात दवाखाना एक, कंपाउंडरही एकच. "आता नागपूरपर्यंत गाजणार तुम्ही, वामनराव," म्हणाल्या आणि गठ्ठा काढून घेतला. पुढचं काम त्यांनी स्वतःच केलं. बायकांच्या कागदांच्या कपाटाची किल्ली तर मला कधी मिळालीच नव्हती.

आमच्या डॉक्टरीणबाई अशाच. नवरा बायकोचं दुखणं विचारायला आला, तर म्हणायच्या, "घरी जाऊन तिलेच विचार. तिनं सांगितलं तं तुझं नशीब." गावातल्या साऱ्या सासवा त्यांच्यावर खार खाऊन असत.

त्यांचा ठरलेला प्रश्न एकच, "इतके दिवस अंगावर काहून काढलं?" आणि उत्तर येईल ते कागदावर उतरवायच्या. भाताची रोवणी होती. पाहुणे होते. बैल आजारी होता. नागपूरच्या एका मेडिकल कॉलेजला नेमकं हेच हवं होतं: गावातली माणसं उशिरा का येतात? ते कळलं तर आपल्या लोकांसाठी काही होईल, म्हणून बाई हरखल्या. पण ज्याचं दुखणं, त्याला विचारल्याशिवाय कागद हलणार नाही, असं त्यांनी बजावलं. कॉलेजचा तरुण डॉक्टर कंटाळला. "मॅडम, नावं तर खोडलीच जाणार आहेत. असं विचारत बसलात तर तुमचं गाव राहून जाईल."

"राहू द्या. लोकांनी मला सांगितलं, कॉलेजला नाही."

मग बाजाराच्या दिवशी आम्ही एकेकाला विचारायला दवाखान्याच्या पडवीत बसलो. काही जण नाही म्हणाले. त्यांचे कागद बाईंनी निमूट बाजूला ठेवले. ते पाहून मागच्या बायाही काढता पाय घेऊ लागल्या. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात रोवणीवाली बुधाबाई तावातावानं पुढे आली.

"माहं दुखणं नागपूरले कायले पायजे?"

"तू तापात बांधीतल्या चिखलात काहून उभी राहिली, ते त्यायले समजावं म्हणून."

"मंग नाव काहून खोडता? लिवा ना, करडीच्या बुधीनं रोवणी सोडली नाही म्हणून! मी काय चोरी केली?"

हशा पिकला. निघालेल्या बाया परत फिरल्या. करडीच्या नकला वेळेत गेल्या.

कॉलेजच्या अहवालानंतर आता रोवणीत डॉक्टरांची गाडी थेट बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या काठाशी येते. अहवालात करडीचं नाव नाही, बाईंचंही नाही. त्यांनीच नको म्हटलं. त्या दवाखाना बंद करून मुलाकडे गेल्या, तेव्हा घरोघर हिंडून ज्याचे कागद त्याच्या हाती देऊन गेल्या. "तुमचं होतं, माझ्याकडे फक्त ठेवायला होतं."

त्यांची बस सुटल्यावर मी घरी आलो आणि छाती फुगवून बायकोला म्हणालो, "त्या अहवालात तुझा नवरा आहे, मूळव्याधीसकट!"

"मी बी आहो त्यात," ती म्हणाली.

मी चाटच पडलो. "तू? तुले काय झालं होतं?"

तिनं तांदूळ निवडता निवडता वरही पाहिलं नाही. "रोज त्यायच्या बाजूले बसत होते ना तुमी? बाईनं सांगितलं का कधी? मंग मी कायले सांगू?"